उजव्या पंखाची शेवटची फासळी

“विमानापेक्षा हे लोखंडच जास्त भरंन,” डेकोरेशनवाला आपल्या सोबत्याला हळूच म्हणाला आणि दोन्ही हातांनी उचललेली डाय त्याने होती तिथेच परत ठेवली.

ते कुणाला ऐकवण्यासाठी नव्हतं. बाबांना ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं. कारखान्यातल्या प्रेसखाली त्यांचे कान केव्हाच बधिर झाले आहेत. समोर येऊन मोठ्याने बोललं तरच त्यांना कळतं. मी मात्र दाराच्या आड उभी होते. मी नेहमी अशाच जागी उभी असते, जिथे हळू बोललेलं नीट ऐकू येतं. जो बोलत नाही त्याला ऐकूही येत नसावं, असं लोक धरून चालतात.

मला वाईट वाटायला हवं होतं, पण राग आला. कारण तो माणूस खरं बोलला होता.

वरठीला मोठेबाबांच्या, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाच्या, घरामागे ही शेड आहे. वर सिमेंटचा पत्रा, तीन बाजूंनी विटांची भिंत, चौथ्या बाजूला बैलगाडी जाईल एवढं दार. आत भिंतीलगत लाकडी घोड्यांवर विमानाचं धड आहे, त्याच्या बाजूला दोन पंख उभे करून ठेवलेले, आणि उरलेली सगळी जागा डायांनी भरलेली. मोठेबाबांचा मुलगा प्रफुलदादा भंडाऱ्याच्या रस्त्यावर लग्नाचं लॉन उघडतोय. दोन पंख गेटवर लावायचे, एक इकडे, एक तिकडे, खालून निळे लाइट सोडायचे आणि मधून नवरा-नवरी येणार. “पब्लिक फोटो काढाले थांबंन,” असं तो सकाळपासून सगळ्यांना सांगत होता. शेड रिकामी झाली की मंडपाच्या कढया आणि खुर्च्या इथे ठेवायच्या. डाया भंगारात. धडाचं काय करायचं हे अजून कुणी ठरवलं नव्हतं, कारण ते कुणी मागितलंच नव्हतं.

प्रफुलदादाने विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, “ने ना.” एवढंच. आईने मला हे फोनवर सांगितलं, तेही बाजारात वांगी काय भावाने मिळाली त्याच्यानंतर.

मी शनिवारच्या गाडीने नागपूरहून भंडारा रोडला उतरले आणि घरी न जाता आधी इथेच आले. खांद्यावरची पिशवी मी अजून उतरवली नव्हती. त्या पिशवीत, जुन्या ओढणीत गुंडाळलेला, एक लाकडी ठोकळा होता.

शेडचा वास अजून तसाच आहे. जळक्या तेलाचा, कानशीच्या भुकटीचा, आणि त्याखाली कुठेतरी भाताच्या कोंड्याचा, कारण शेड व्हायच्या आधी इथे मोठेबाबांचा धान साठवायचा कोठा होता. डोळे मिटून मला कुणी इथे आणून सोडलं तरी मी सांगू शकेन, प्रेस कुठे, ऐरण कुठे, आणि बुद्धांची तसबीर ज्या खिळ्याला टांगली आहे त्याच खिळ्याला खालून बाबांचा काटकोन कसा लटकतो.

बाबा कारखान्याच्या टूल रूममध्ये डाया बनवायचे. डाय म्हणजे पत्रा वाकवायचा पोलादी साचा. खालचा भाग खोलगट, वरचा भाग, पंच, त्यात नेमका बसणारा. मध्ये पत्रा ठेवायचा, वरून दाब द्यायचा, की पत्रा साच्यासारखा वाकून बाहेर येतो. पहिला जसा तसाच हजारावा. बाबांनी आयुष्यभर हजारावा पत्रा डोळ्यांपुढे ठेवून काम केलं. राइस मिलच्या एलिव्हेटरच्या बादल्या, कूलरच्या बाजू, सायकलचे मडगार्ड. संध्याकाळी मोटरसायकलवर घरी येत तेव्हा त्यांच्या शर्टाला थंड पडलेल्या लोखंडाचा वास यायचा, आणि चहा पिऊन ते लगेच शेडकडे निघायचे. मागे मी.

हिवाळ्यात त्या वाटेवर दोन्हीकडे कापलेल्या धानाच्या बांध्या असत आणि पलीकडे बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, शिंगाड्याचे वेल. कोपऱ्यावर एक म्हातारी उकडलेले शिंगाडे विकायची. बाबा घ्यायचे आणि माझ्या स्वेटरच्या खिशात ओतायचे. काळी साल नखाने सोलत मी शेडमध्ये शिरायची. माझ्यासाठी विमानाची चव शिंगाड्याची आहे, आणि नखाखाली तो काळेपणा अडकलेला.

मला भंडाऱ्याच्या इंग्लिश मीडियम शाळेत घातलं होतं. तिथे मराठी बोललं की बाई बोटं पुढे करायला सांगत, आणि घरच्यासारखं ‘मले’, ‘तुले’ तोंडातून निघालं तर वर्ग हसत असे. म्हणून मी शाळेत बोलायची बंद झाले आणि मग घरीही. आईला वाटायचं, पोरगी लाजरी आहे. मोठेबाबा घरातल्या प्रत्येक पोरीला नोनी म्हणतात; ते म्हणायचे, “हे नोनी हो म्हणाले बी पैसे घेते काय?” माझ्या तोंडातून सलग आणि मोठ्याने शब्द निघायचे ते फक्त शेडमध्ये. बाबांनी अमेरिकेहून मागवलेला नकाशांचा एक गठ्ठा होता. घरच्या घरी, एका माणसासाठी, अॅल्युमिनियमचं छोटं विमान कसं बांधायचं त्याचा. इंग्रजी मी वाचायची, अर्थ आम्ही दोघं मिळून लावायचो, आणि तिथे मला कुणी हसत नसे.

त्या नकाशात फासळ्यांबद्दल एक पान होतं. पंखाच्या आत, त्याच्या लांबीभर जाणाऱ्या कण्याला आडव्या, पत्र्याच्या पातळ फासळ्या असतात; त्यांच्यामुळे पंखाला फुगीर आकार येतो. पानावर लिहिलं होतं की कठीण लाकडाचा एक ठोकळा फासळीच्या आकारात कापा, त्यावर पत्रा ठेवा आणि कडा रबरी हातोडीने वळवून घ्या. डाव्या पंखाच्या झाल्या की ठोकळा पालथा करा, उजव्या पंखाच्या होतील. एका विमानाला एवढं पुरे.

मी हे वाचलं तेव्हा बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच ते लिहिलं होतं.

“लाकडावर ठोकून?” ते म्हणाले. “त्यायच्या देशात चालत असंन बाई. आपण काय गंज-भांडे ठोकून राहिलो का?”

आणि त्यांनी डाय बनवायला घेतली. पोलादाची. कटरने खोदून, कानशीने घासून, निळी शाई लावून पंच आणि डाय एकमेकांवर दाबून बघायची. जिथे शाई लागली तिथे अजून घासायचं. शाई सगळीकडे सारखी लागेपर्यंत. मग कोळशाच्या भट्टीत लाल करून तेलात बुडवायची. त्याला ते ‘पाणी देणं’ म्हणत, जरी तिथे पाणी कुठेच नसे. तेलातून जो धूर उठायचा तो माझ्या केसांत दोन-दोन दिवस राहायचा आणि शाळेतली माझी बाकसोबती सरकून बसायची. मला त्याचं काही वाटत नसे. पाणी दिलेली डाय घासून पुन्हा हलकी तापवली की तिच्यावर मोरपिसासारखे रंग दिसत, पेंढ्याचा पिवळा, मग जांभळा, मग निळा. बाबा मला तो पिवळा ओळखायला शिकवत होते. “हाच. याच्या पुढं गेला का गेला,” असं म्हणत ते डाय झटकन बाजूला घेत.

पत्र्याची एक खोड मी तिथेच शिकले. तुम्ही त्याला काटकोनात वाकवा आणि सोडा, तो थोडा परत उघडतो. बाबा म्हणायचे, “पत्रा रुसते. सोडला का मांगं जाते. म्हणून त्याले पायजे त्याच्यापेक्षा थोडा जास्त वाकवा लागते.” किती जास्त, हे ते पत्रा बोटांत धरून, कानाजवळ नेऊन, टिचकी मारून सांगायचे. तेव्हा त्यांचे कान चांगले होते.

हे सगळं आठवताना मला गोड वाटायला हवं. वाटतंही. पण त्याच्या आतून दुसरं काहीतरी टोचत राहतं. कारण नकाशातल्या विमानाचा पंख सरळ होता, सगळ्या फासळ्या एकाच मापाच्या. बाबांना तो आवडला नाही. एकदा दिघोरीकडे कुणाच्या तरी बांधीत त्यांनी सारसाची जोडी उडताना बघितली होती. तसा पंख हवा, टोकाकडे निमुळता होत जाणारा. त्यांनी शेडच्या फरशीवर पांढऱ्या रंगाने खऱ्या मापाचा पंख काढला, आणि त्यात जागच्या जागी प्रत्येक फासळीचा फुगीर आकार. दोरीने, खिळ्याने, बांबूची पट्टी वाकवून. फार सुंदर दिसत होता तो. मी त्याच्यावर पाय न देता काठाकाठाने चालायची. पण निमुळता पंख म्हणजे प्रत्येक फासळी वेगळ्या मापाची, आणि प्रत्येक मापाला वेगळी डाय. बाबा प्रत्येक डाय अशी बनवत, जणू तिच्यातून हजार फासळ्या निघणार आहेत. तिच्यातून एक निघायची. मग डायला ग्रीस लावून, कागदात गुंडाळून, भिंतीला लावून ठेवायची.

मोठेबाबा दारात उभे राहून बिडी ओढत बघायचे. “एका वरातीपायी कोनी घरी घोडा पोसते काय बे?” ते म्हणायचे. बाबा हसायचे. आता प्रफुलदादाच्या लॉनवर पांढरा घोडा आहे, कायमचा, वरातींसाठी. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही.

पंखाच्या सांगाड्यावर पत्रा चढवायची वेळ आली तेव्हा माझं खरं काम सुरू झालं. पत्रा आणि फासळी रिवेटने जोडायची. बाहेरून बाबा रिवेटच्या डोक्यावर हातोडी मारणार, आणि त्याच वेळी आतून कुणीतरी रिवेटच्या शेपटीला लोखंडी ठोकळा टेकवून धरायचा, म्हणजे शेपटी चपटी होऊन बसते. आतल्या जागेत मोठ्या माणसाचा हात जात नव्हता. माझा जायचा. फासळीतल्या गोल भोकातून खांद्यापर्यंत हात घालून, गाल पत्र्याला लावून, मी ठोकळा धरायची. पत्र्याच्या अलीकडे मी, पलीकडे बाबा. आम्ही एकमेकांना दिसत नसू. हातोडीचा आवाज एवढा, की ओरडून बोललेलंही कळत नसे.

म्हणून बाबांनी मला खुणा शिकवल्या. रिवेट बघून आतून ठोकळ्याने वाजवायचं. एकदा वाजवलं तर अजून मारा. दोनदा, बसली. तीनदा, चुकली, काढून टाका.

मी कुणाशी इतकं बोलले नसेन जितकं त्या पत्र्यातून बाबांशी बोलले. सुट्ट्यांमध्ये मोहफुलांचा वास अंगणाअंगणातून यायचा, चटयांवर फुलं वाळत घातलेली, आणि आम्ही सकाळी ऊन चढायच्या आत शेडमध्ये असू. पत्रा गार असेपर्यंत काम. टक. टकटक. मी तीनदा वाजवलं की पलीकडे हातोडी थांबायची. बाबांनी कधी विचारलं नाही, काहून? चूक कशी झाली, नीट बघितलंस का, तुला काय कळतं? काही नाही. ड्रिलचा आवाज यायचा, रिवेट निघायची, भोकातून उजेडाचा एक बारीक ठिपका माझ्या मनगटावर पडायचा, मग नवी रिवेट येऊन तो बुजवायची. शाळेत, घरात, लग्नाकार्यात, कुठेही माझं म्हणणं असं पटकन मानलं गेलेलं मला आठवत नाही.

वैशाखी पौर्णिमेला आई खिरीचा डबा शेडमध्येच आणून द्यायची, कारण बोलावून आम्ही येत नसू. विहारातून लाऊडस्पीकरवर वंदनेचे स्वर यायचे. बाबा हात पुसून तेवढ्यापुरते उभे राहायचे, मीही पंखाच्या मागे. मग खीर, मग पुन्हा टकटक.

डावा पंख असा पूर्ण झाला. त्याच्या पत्र्यावरून हात फिरवला तर कुठे खड्डा लागत नाही, अजूनही.

मग उजवा. डाव्या पंखाच्या डायांनी उजव्या फासळ्या होत नाहीत. आकार तोच, पण आरशातल्यासारखा उलटा. लाकडाचा ठोकळा असता तर पालथा केला की झालं असतं. पोलादी डाय पालथी होत नाही. ते पान मी बाबांना परत वाचून दाखवलं होतं, आवाज जरा चढवूनच. त्यांनी मान डोलावली आणि पहिल्यापासून सगळ्या डाया पुन्हा बनवायला घेतल्या. उलट्या.

त्या काळाबद्दल मला सलग काही आठवत नाही. मी मोठी होत गेले आणि बाबा घासत राहिले. गावात मला ‘विमानवाल्याची पोरगी’ म्हणत. आंधळगावच्या बाजारात एकदा एका बाईने आईला विचारलं, “उडालं का वो तुमचं?” आणि आई म्हणाली, “या हिवाळ्यात.” दरवर्षी कुणीतरी विचारायचं, दरवर्षी आई तेच म्हणायची. दहावीच्या परीक्षेआधी मी शेडमध्ये जायची बंद झाले. हात भोकात मावेना, हेही एक होतं. बाबांनी मग मोठेबाबांच्या शेजारच्या एका पोराला हाताशी धरलं, पण त्याला खुणा जमल्या नाहीत, तो ओरडायचा. बाबांना ऐकू येणं तेव्हाच कमी होत चाललं होतं. की त्यांनी ऐकणं कमी केलं होतं, मला सांगता येणार नाही.

उजव्या पंखाची एकच फासळी राहिली. टोकाची, सगळ्यात लहान. तिच्या डायचा खालचा भाग झाला. वरचा पंच झालाच नाही. का, ते मी कधी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. डेकोरेशनवाल्याने सकाळी उचलून बघितली ती हीच. जोडी नसलेली.

आता मी नागपूरला नोकरी करते. ऑफिसच्या मीटिंगमध्ये सगळे बोलतात आणि मी खाली चॅटमध्ये लिहिते. कुणी वाचतं, कुणी वाचत नाही. गेल्या थंडीत घरी आले होते तेव्हा एका दुपारी मी एकटीच शेडमध्ये आले, फरशीवरच्या पांढऱ्या चित्रातल्या शेवटच्या फासळीवर वर्तमानपत्र पसरलं आणि पेन्सिलीने तिचा आकार घासून उतरवून घेतला. नागपूरला एका सुताराकडे गेले. त्याने विचारलं, हे कशाचं? मी म्हटलं, शोपीस. त्याने सागाचा ठोकळा कापून दिला. कडा मी स्वतः घासल्या, खोलीवर, पॉलिश पेपरने, दोन अंश जास्त उतार देऊन, कारण पत्रा रुसतो.

तेव्हापासून तो ठोकळा प्रत्येक वेळी माझ्या पिशवीत घरी येतो आणि परत नागपूरला जातो. बाबांसमोर काढायची हिंमत होत नाही. आयुष्यभर डाया बनवलेल्या माणसापुढे लाकूड काय म्हणून ठेवायचं? ‘तुमचं सगळं उगीच होतं,’ असंच ते म्हणेल, मी काहीही म्हटलं तरी. आणि माझ्या मनात ते नाहीच, असंही मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. मला एवढं माहीत आहे की विमान उडणार नाही. त्याला इंजिन नाही, परवानगी नाही, बाबांना आता पायरी चढतानाही कठडा लागतो. मला फक्त तो पंख पूर्ण झालेला हवा आहे. मी ज्याच्या आत एवढी वर्षं बोलले, तो टोकाला उघडा, निळ्या लाइटमध्ये, नाचणाऱ्या वरातीवर टांगलेला मला नको आहे.

सकाळपासून मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा मोठेबाबांनी चहा आणला तेव्हा. मी म्हटलं, “बाबा, तो उजवा…” आणि मोठेबाबा म्हणाले, “नोनी, साखर बराबर झाली का पाह्य.” दुसऱ्यांदा प्रफुलदादा टेप घेऊन पंख मोजत होता तेव्हा. मी त्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिले. त्याने टेपचं टोक माझ्या हातात दिलं. मी ते धरलं. मोजून झाल्यावर त्याने ते घेतलं आणि “थँक्यू” म्हणाला.

बाबा प्रेसजवळच्या स्टुलावर बसले होते, हात मांडीवर. कुणी जवळ जाऊन काही विचारलं तर त्याच्या तोंडाकडे बघून मान हलवत. सगळ्याला हो. प्रफुलदादाने खुणेनेच विचारलं, पत्र्याला भोकं पाडली तर चालतील ना, बोल्ट बसवायला? त्यांनी मान हलवली. डाया भंगारवाल्याला उद्या बोलावू? मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू होतं जे मोठेबाबांच्या घोड्याच्या थट्टेवर असायचं. मला ते पुसून टाकावंसं वाटत होतं. एकदा तरी नाही म्हणा, असं मी त्यांच्या कपाळाकडे बघत मनात म्हणत होते, जसं मी सगळंच मनात म्हणते.

डावा पंख आधी गेला. डेकोरेशनवाल्या दोघांनी उचलला, दारातून तिरका करून बाहेर ट्रॉलीत ठेवला. तेवढ्यापुरता शेडमध्ये खूप उजेड आला, आणि फरशीवरचं पांढरं चित्र दिसलं. त्या दोघांच्या चपला त्याच्यावरून गेल्या होत्या. चार ठिकाणी रंग आधीच उडालेला, तरी निमुळतं टोक ओळखू येत होतं.

मग ते उजव्याकडे वळले. त्यांनी पंख मागच्या पातळ कडेने धरला. तिथून धरायचा नसतो, तिथे पत्रा कागदासारखा असतो. कण्याखाली हात घालायचा असतो. पत्र्याने बारीक आवाज केला. बाबांना तो ऐकू आला असेल की नाही, पण ते उठले. हळूहळू चालत आले, पंखाजवळ उभे राहिले. दोघं थांबले. म्हाताऱ्याला शेवटचं बघायचं असेल, असं त्यांना वाटलं असावं. मोठेबाबांनीही बिडी खाली केली.

बाबांनी पंखाच्या पत्र्यावर तळवा ठेवला. मग बोटाच्या पेराने वाजवलं. दोनदा.

कुणाचं लक्ष गेलं नाही. लाकडी घोड्यावर, टेबलावर माणसं बोटं वाजवतातच. पण मला ते कळलं. बसली. झालं. जाऊ द्या.

मी पंखाच्या पलीकडच्या बाजूला होते, उघड्या टोकाशी, जिथे शेवटची फासळी असायला हवी होती. तिथे भोक नाही, पंखाच्या जाडीएवढं मोकळं तोंड आहे, माझा आताचा हातही मावतो. पिशवी खांद्यावरच होती. ओढणी सोडायला वेळ नव्हता. मी ठोकळा गुंडाळीसकटच बाहेर काढला, हात खांद्यापर्यंत आत घातला, गाल पत्र्याला लावला. तोच थंडपणा. तोच वास, आतला, बंद, शिंगाड्याच्या सालीसारखा काळपट. बाबांचा तळवा जिथे असेल असं वाटलं तिथे आतून वाजवलं.

टक. टक. टक.

लाकडाचा आवाज लोखंडापेक्षा भरीव येतो आणि ओढणीतून तर अजूनच दबका. पण पत्र्याला ठेवलेल्या हाताला कानांची गरज नसते. हे बाबांनीच मला शिकवलं होतं.

मी हात बाहेर काढला आणि पंखाच्या टोकावरून बघितलं. बाबांचा तळवा पत्र्यावरून उचललेला होता, थोडासा, तापलेल्या तव्यावरून उचलावा तसा. ते माझ्याकडे बघत नव्हते. भिंतीकडे बघत होते, तसबिरीच्या खालच्या खिळ्याकडे.

मग ते प्रफुलदादाकडे वळून म्हणाले, “न्या. न्या ना, कायले थांबले?”

दोघांनी पुन्हा पकड घेतली. मोठेबाबा दार मोकळं करायला बाजूला झाले. एवढी वर्षं मी तीनदा वाजवलं आणि हातोडी थांबली नाही, असं एकदाही झालं नव्हतं. आता सगळं चाललं होतं. पंख जमिनीवरून उठला, त्याचं उघडं टोक माझ्या छातीसमोरून सरकू लागलं. माझ्या हातातल्या ठोकळ्यावरची ओढणी सुटून खाली लोंबत होती. मी दोन पावलं पुढे जाऊन बाबांच्या अगदी समोर उभी राहिले, म्हणजे त्यांना माझं तोंड दिसेल, आणि लाकूड त्यांच्या हातांत दिलं. आवाज निघाला तेव्हा तो माझा मलाच मोठा वाटला, आणि घरचा.

“तुमाले ऐकू आलं, बाबा. खाली ठेवाले सांगा त्यायले. एक फासळी राहिली. लाकडावर ठोकू.”